घरभाडं परवडतं, आडनाव परवडत नाही

जून महिना आला की अमळनेरच्या गल्ल्यांमधून पाठीवर सॅक अडकवलेली पोरं फिरताना दिसतात. चोपडा, पारोळा, धरणगाव, शिंदखेडा, शिरपूर अशा आजूबाजूच्या तालुक्यांतून शिकायला आलेली. 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की दार वाजवतात. दार उघडतं. घरमालक काका प्रेमाने बोलतात, पाणी विचारतात. कोणत्या गावचे, काय शिकता, किती जण राहणार, सगळं व्यवस्थित चालतं. मग तो प्रश्न येतो.

"आडनाव काय शे भाऊ तुमनं?"

मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा बारावी पास होऊन शहरात आलो होतो. माझं आडनाव खानदेशात तीन-चार जातींत सापडतं. त्यामुळे दुसरा प्रश्न लगेच आला, "त्यातले कोणते?" मी खरं सांगितलं. काकांचा चेहरा काही बदलला नाही. ते तितक्याच प्रेमाने म्हणाले, "रूम तं कालच गई, भाऊ." पाटी दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. आठ दिवसांनी त्या रस्त्याने गेलो तेव्हाही होती.

त्या खोलीचं भाडं होतं अठराशे रुपये. बापाने मजुरीतून साठवलेलं दोन महिन्यांचं भाडं माझ्या खिशात होतं. शेवटी आपल्याच वस्तीत पत्र्याची खोली मिळाली. संडास बाहेर, पाणी दिवसाआड, भाडं दोन हजार. म्हणजे चांगली खोली अठराशेला आणि पत्र्याची दोन हजाराला. हे वरचे दोनशे रुपये कशाचे? मित्रांनो, हे दोनशे रुपये जातीचे आहेत.

हा हिशोब नीट समजून घेतला पाहिजे. शंभर घरांपैकी ऐंशी दारं ज्याला बंद आहेत, तो उरलेल्या वीस दारांवर गर्दी करतो. जिथे गर्दी, तिथे भाडं चढतं आणि खोलीची दुरुस्ती राहून जाते, कारण भाडेकरू जाणार कुठे? ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याला घरमालक कधीही बाहेर काढू शकतो आणि कितीही भाडं वाढवू शकतो. म्हणून 'परवडणारं भाडं' आणि 'जातीचा नकार' हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एक अर्थशास्त्राचा आणि एक समाजसुधारणेचा, अशी वाटणी करून आपली फसवणूक होते.

सरकारच्या योजनेत भाडेकरू कुठे आहे?

आपल्याकडे घराचं राजकारण म्हणजे मालकीच्या घराचं राजकारण. रमाई आवास योजना घ्या. ग्रामीण भागात १ लाख २० हजार, शहरी भागात अडीच लाखांचं अनुदान. योजना आवश्यकच आहे, तिच्यासाठी आपण मोर्चे काढले आहेत. पण तिची पहिली अट काय? स्वतःची जागा किंवा स्वतःचं कच्चं घर. ज्याच्या नावावर जागाच नाही, जो पंधरा वर्षं भाड्याने राहतो, तो अर्जाच्या पहिल्याच रकान्यात बाद. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या मे महिन्यात नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट सांगितलं. घोषणेचं नाव 'माझे घर, माझे अधिकार'. त्यात नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्येही परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. कागदावर भाडेकरू आला आहे, हे मान्य. पण ही घरं पुण्या-मुंबईतच बांधायची की अमळनेर, पारोळा, चोपड्यालाही, हे विचारायला आपल्यापैकी कोणी नगरपरिषदेत गेलं का?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या शहरांमध्ये साडेसत्तावीस टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती. त्याच जनगणनेत शहरांमधली सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. म्हणजे घरं नाहीत म्हणून माणसं अडली आहेत, हे अर्धंच सत्य. कुलूप लावून ठेवलेली घरंही आहेत आणि 'तुम्हाला नाही' म्हणून बंद असलेली दारंही आहेत.

आपल्या विद्यार्थ्यांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यासाठी वर्षाला ३८ हजार रुपये. त्यात निवासासाठी धरलेली रक्कम १० हजार. बारा महिन्यांनी भागा. महिन्याला ८३३ रुपये. माझी पत्र्याची खोलीही यात येत नव्हती. शिवाय डिपॉझिट जूनमध्ये द्यावं लागतं आणि पैसे खात्यात कधी येतात हे ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांना विचारा. घरमालक काही समाजकल्याण खात्याच्या वेळापत्रकावर थांबत नाही.

बडोद्यात पैशाची अडचण नव्हती

१९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानात नोकरीला गेले. अमेरिकेतून आणि लंडनहून शिकून आलेले. हातात नोकरी, येणारा पगार. तरी शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून, पारशी म्हणून, पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू मित्राकडे विचारलं, तर त्याने सांगितलं की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राने बायकोचं कारण पुढे केलं. मग हा बॅरिस्टरकीचा अभ्यास अर्धा टाकून आलेला विद्वान बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

आज आपण २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळतो, वडोदऱ्याच्या संकल्प भूमीवर जाऊन नतमस्तक होतो. पण तो प्रसंग मुळात कशाचा होता? भाड्याच्या घराचा होता. भाडं देण्याची ऐपत असलेल्या माणसाला भाड्याने घर न मिळण्याचा होता. बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा घाव आपण भावनेने आठवतो, त्यातली मागणी मात्र विसरतो.

ती मागणी बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असं मांडलं आणि बहिष्काराची व्याख्या केली. त्या व्याख्येत सर्वात पहिली गोष्ट कोणती? घर किंवा जमीन भाड्याने देण्यास नकार. त्यानंतर व्यवहार न करणं, मजुरीवर न घेणं, सेवा न देणं, नेहमीच्या रीतीने जे केलं जातं ते त्या अटींवर न करणं, असं पुढे येतं. घर पहिलं. बडोद्याचा माणूसच ही यादी लिहीत होता.

आता अॅट्रॉसिटी कायदा उघडा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात 'आर्थिक बहिष्कार' ही व्याख्या आली, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. व्यवहाराला नकार, मजुरीला नकार, नेहमीच्या व्यवहाराच्या अटी नाकारणं, हे सगळं बाबासाहेबांच्या व्याख्येशी जुळणारं आहे. फक्त एक गोष्ट त्यात नाही. घर. बाबासाहेबांनी ज्याने सुरुवात केली, तेच नेमकं गळालं.

काही वकील मित्र म्हणतात की 'व्यवहाराला नकार' यात घरभाडं येतंच. येऊ शकतं. आपण तसा युक्तिवाद करायलाच हवा. पण पोलीस ठाण्यात बसलेल्या अंमलदाराला युक्तिवाद नको असतो, त्याला शब्द हवा असतो. 'घर भाड्याने देण्यास नकार' हे शब्द कायद्यात नसतील, तर तो सांगणार, "अरे बाबा, त्याचं घर, त्याची मर्जी."

"त्याचं घर, त्याची मर्जी"

हा युक्तिवाद आपल्यातलेही काही जण मान्य करतात, म्हणून त्याला उत्तर देऊ. हॉटेल कोणाचं असतं? मालकाचं. दुकान कोणाचं? मालकाचं. तरी संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ने सांगितलं की दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जातीवरून अडवता येणार नाही. पाटी लावून, भाडं ठरवून, पैसे घेऊन खोली देणं हा धंदा आहे. घरात पाहुणा कोणाला बोलवायचं ही मर्जी असते, धंद्यात कोणाला गिऱ्हाईक मानायचं नाही ही मर्जी चालत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या अनुच्छेदावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने वापरला असल्याचं स्पष्ट केलं होतं. जो कोणी ठरलेल्या मोबदल्यात सेवा देतो, तो त्यात येतो. मग खोली भाड्याने देणारा का येऊ नये?

पण न्यायालयीन वाट सोपी नाही, हेही माहीत असू द्या. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा सोसायटीचा अधिकार मान्य केला. म्हणून नुसतं न्यायालयावर विसंबून चालणार नाही, विधानसभेतून स्पष्ट कायदा लागेल.

जगात हे झालेलं आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६६ साली शिकागोत घरांच्या प्रश्नावर आंदोलन उभारलं. १९६८ च्या एप्रिलमध्ये त्यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घरांमधला वंशभेद रोखणारा कायदा झाला. ब्रिटनच्या वंशभेदविरोधी कायद्यातही त्याच वर्षी घरं आली. अमेरिकेच्या कायद्यात एक पळवाट मात्र आहे. मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला सूट. आपण ही सूट कधीच मान्य करता कामा नये. अमळनेरात काय टोलेजंग भाड्याच्या इमारती आहेत का? इथे मालक खाली राहतो आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो. ती सूट दिली की कायदा अख्ख्या खानदेशाला लागूच होणार नाही.

आणि नकार तोंडावर 'जात' म्हणून येत नाही, हेही कायद्याला कळलं पाहिजे. तो 'मांसाहार चालणार नाही' म्हणून येतो, 'फक्त फॅमिलीला' म्हणून येतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावल्यावर 'घर दुरुस्तीला काढायचंय' म्हणून येतो. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घर शोधणाऱ्यांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सवर्णांना जवळपास सगळीकडे होकार मिळाला, तर दहापैकी सुमारे चार दलितांना नकार किंवा जाचक अटी मिळाल्या. मुस्लिमांची अवस्था त्याहून वाईट होती. आपल्याकडे भिल्ल, पावरा मुलांचं, एकट्या बाईचं, मुस्लिम कुटुंबाचं हेच होतं. ही लढाई एकट्याने लढायची नाही.

नुसतं संरक्षण उलटंही पडू शकतं

केंद्र सरकारने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. त्यात काही गोष्टी चांगल्या आहेत. लेखी करार सक्तीचा, घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही, पाणी-वीज तोडायची नाही, मालकाने घरात यायचं तर चोवीस तास आधी सूचना, वादांसाठी वेगळं प्राधिकरण. पण भाडं किती वाढवायचं ते करारावर सोडलेलं आणि जातीवरून नकार देऊ नये असं एक कलमही नाही.

आता इथे नीट विचार करा. समजा उद्या भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं, सहजासहजी काढता येणार नाही असं केलं, आणि नकारावर काहीच बंधन ठेवलं नाही. मालक काय करेल? एकदा घेतलेला भाडेकरू लवकर जाणार नाही म्हटल्यावर तो दारातच जास्त पारखून घेईल. आणि आपल्या देशात पारखायची पहिली कसोटी कोणती, हे सांगायला नको. म्हणजे आत असलेल्याला संरक्षण, बाहेर असलेल्याला आणखी एक कुलूप. जुन्या भाडे नियंत्रणाच्या काळात भाडी गोठली आणि अनेक मालकांनी घरं भाड्याने देणंच बंद केलं, हा अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. म्हणून आपण भाडी गोठवा असं म्हणत नाही. आपलं म्हणणं असं की दार उघडणं, दारातला कागद आणि सरकारी घरं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत.

आपल्या मागण्या

पहिली. अॅट्रॉसिटी कायद्यातल्या आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत 'घर किंवा जागा भाड्याने देण्यास नकार' हे शब्द घाला. संसद करेल तेव्हा करेल, तोवर महाराष्ट्र विधानसभेने भाडे नियंत्रण कायद्यात जात, धर्म, आहार यांवरून नकार देण्यास मनाई करणारं कलम आणावं. ते मालक, दलाल आणि सोसायटी तिघांनाही लागू असावं.

दुसरी. जो कायदा आज आहे तो तरी राबवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. किती जणांना हे माहीत आहे? आपल्याकडे सगळं तोंडी. पावती नाही, करार नाही. मग रहिवासाचा पुरावा नाही, रेशनकार्डाची बदली नाही, मतदार यादीत नाव नाही. जो कागदावर भाडेकरू नाही, तो शहराचा नागरिकही कागदावर नाही. नगरपरिषदेने दर जूनमध्ये करार नोंदणीची शिबिरं घ्यावीत आणि विद्यार्थी व कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचं शुल्क शासनाने भरावं.

तिसरी. डिपॉझिट दोन महिन्यांपुरतं. अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' ऐवजी मागेल त्या कुटुंबाला तीन वर्षांचा करार आणि वाढीचा दर आधीच ठरलेला. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याचं पोर कोणत्या शाळेत टिकेल?

चौथी. नगरपरिषद आणि म्हाडाने अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावांत भाड्याची सरकारी घरं बांधावीत. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात, वाटप सोडतीने, अनुसूचित जाती-जमातींचा वाटा राखीव, आणि घरं सगळ्या जातींची मिसळून. आपल्या वस्तीच्या टोकाला आणखी एक वस्ती नको. दलित वस्ती सुधारच्या निधीतून गटारी होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, सभामंडप होतो. वस्ती सुधारते, पण वस्ती तिथेच राहते. सरकारी भाड्याची घरं म्हणजे दिवास्वप्न नाही. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी दोन दशकं काढली. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद त्यांनी लढवली तेव्हा त्यांचं बिऱ्हाड त्या भाड्याच्या खोल्यांत होतं. तिकडे व्हिएन्ना शहराने १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली, आजही तिथली निम्मी माणसं नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

पाचवी. स्वाधारचा निवास भत्ता गावातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडा आणि पहिला हप्ता जूनमध्येच द्या.

आपल्या घरात डोकावू

आता कडू बोलतो. मला पत्र्याची खोली देणारा आपलाच माणूस होता. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असायचा. त्याने दोन वर्षांत मला एकही पावती दिली नाही, आणि दुसऱ्या वर्षी पाचशे रुपये वाढवले, कारण त्याला ठाऊक होतं की मला दुसरीकडे दार नाही. प्रस्थापितांच्या नकारावर आपल्यातलाच कोणी भाडं कमावत असेल तर तोही त्या व्यवस्थेचा भागीदार आहे. ज्यांच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत, नोकरीतून बंगला झाला आहे, त्यांनी सुरुवात करावी. करार लेखी, पावती दर महिन्याला, आणि आपल्याही पाटीखाली आपल्याहून खालच्या मानलेल्या जातीचा, आदिवासी, मुस्लिम भाडेकरू चालतो का, हे स्वतःला विचारावं.

कार्यकर्त्यांसाठी एक काम सांगतो. येत्या जूनपासून प्रत्येक तालुक्यात एक नोंदवही ठेवू. कोणत्या तारखेला, कोणत्या गल्लीत, काय भाडं सांगितलं, काय कारण देऊन नकार दिला आणि पाटी पुढे किती दिवस राहिली. एकाचा नकार हा त्याचा अपमान असतो, तो गिळून तो गावी परत जातो. शंभर नकार एका वहीत आले की तो पुरावा होतो. ती वही घेऊन नगरपरिषदेत जाऊ, आमदाराकडे जाऊ, समाजकल्याण आयुक्तांकडे जाऊ. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ती ठेवू.

अमळनेर हे साने गुरुजींचं गाव म्हणून मिरवतं. गुरुजी इथल्या शाळेत शिकवायचे, छात्रालयातल्या मुलांना सांभाळायचे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण आपल्याला विठ्ठलाच्या दाराची तशी निकड कधीच नव्हती. मंदिरात माणूस पाच मिनिटं उभा राहतो. खोलीत त्याला रात्रभर अभ्यास करायचा असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत याच गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, त्याच वेळी विद्रोही संमेलनही भरलं. माणुसकीवर भाषणं झाली, टाळ्या पडल्या. त्या मांडवातून बाहेर पडून आपल्या पोराने चार गल्ल्या ओलांडून एक दार वाजवलं असतं, तर त्याला काय विचारलं गेलं असतं, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

तो प्रश्न विचारणं ज्या दिवशी गुन्हा ठरेल, त्या दिवशी बडोद्याच्या त्या रात्रीचं थोडं तरी देणं फिटेल. तोवर पावती मागा, करार मागा आणि नकार लिहून ठेवा.

जय भीम! जय संविधान!